माऊसचं चाक हाताने टेस्ट करायचं म्हणजे नक्की काय काय बघायचं?

जीरावण_जास्त (इंदूर)

नमस्कार मंडळी, प्रश्न बावळट वाटेल पण विचारूनच टाकतो. मी विजयनगरला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे, टेस्टर म्हणजे पगाराच्या कागदावर, बाकी क्लायंटचे फोन घेणं आणि प्रिंटरच्या वायरी शोधणं हेही माझ्याच गळ्यात. आमचं एक डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे, क्यूटी नावाच्या सॉफ्टवेअर बनवायच्या साधनात केलेलं, विंडोजवर चालतं, नमकीनच्या पाकिटांची लेबलं त्यात डिझाईन करतात. इंदुरात शेववाले किती ते सांगायला नको, त्यामुळे धंदा बरा चालून राहिलाय.

तर झालं असं की एका क्लायंटचा फोन आला, लेबलावर वजन १९७ ग्रॅम छापून आलंय, पाहिजे होतं २००. तीन रोल वाया. मालक म्हणे तुमच्या सॉफ्टवेअरनी आकडा बदलला, आम्ही म्हणतो सॉफ्टवेअर आपल्या मनानी आकडे बदलत नसतं, आणि कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा देवाशपथ सांगतो मी वजनाला हातच नाही लावला. शेवटी मीच गेलो, त्याच्या मागे स्टूल टाकून बसलो, म्हटलं कर भिया, रोज करतो तसं कर. त्याने उजवीकडच्या पॅनलवर कर्सर ठेवला आणि खाली बॅच नंबरपर्यंत जायला चाक फिरवलं. पॅनल सरकलं, सरकता सरकता वजनाचा खाना नेमका कर्सरखाली आला आणि पॅनल तिथंच थांबलं. पोराने आणखी तीन खटके फिरवले, २०० चे १९९, १९८, १९७ झाले, त्याची नजर मात्र खाली बॅच नंबरवर, त्याला वाटलं माऊस अडकतोय, म्हणून कर्सर जरा बाजूला घेतला आणि गेला पुढे. खरंच हात नव्हता लावला बिचाऱ्याने.

आता साहेब म्हणतात व्हीलचं मॅन्युअल टेस्टिंग नीट कर आणि टेस्ट केसेस लिहून दे. एक्सेल उघडून बसलोय. पहिली ओळ, चाक वर फिरवा. दुसरी ओळ, चाक खाली फिरवा. तिसरी ओळ सुचायला दीड तास झाला, अजून सुचली नाही.

आणखी दोन तक्रारी आहेत त्या पण ह्याच्याशीच संबंधित असाव्यात. एक, लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटं फिरवली की लेबल एकदम झूम होऊन एकच अक्षर स्क्रीनभर दिसतं. दोन, एका क्लायंटने महागडा नवीन माऊस घेतलाय, त्यात चाक हळू फिरवलं तर झूम होतच नाही, झटक्यात फिरवलं तर होतं. माझ्या साध्या माऊसवर सगळं मस्त चालतं, म्हणून डेव्हलपर म्हणतो बग नाहीये. कोणी रस्ता दाखवा.


बडोद्याचा_बाळ

तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या तक्रारीचं मूळ एकच आहे आणि ते तुमच्या डेव्हलपरच्या डोक्यात आहे, राग मानू नका, माझ्याही डोक्यात अनेक वर्षं होतं. आपल्याला वाटतं चाकाचा एक खटका म्हणजे एक संदेश. तसं नाहीये. चाक किती फिरलं त्याचा आकडा येतो. विंडोजमध्ये साध्या माऊसच्या एका खटक्याला १२० येतात, चाक आपल्यापासून दूर ढकललं की अधिक, आपल्याकडे ओढलं की उणे. आता १२० च का, १ का नाही? कारण मायक्रोसॉफ्टने तेव्हाच जागा ठेवली की पुढे कोणी बारीक चालणारं चाक काढलं तर त्याला १२० चे तुकडे पाठवता आले पाहिजेत. ३० चे चार तुकडे मिळून एक खटका, असं. क्यूटीत हाच आकडा अँगल डेल्टा म्हणून मिळतो, एक अंशाचा आठवा भाग हे त्याचं माप, म्हणजे १२० म्हणजे १५ अंश.

तर तुमच्या कोडमध्ये बहुतेक दोन जागी दोन वेगळे घोळ आहेत. जिथे डेल्टाला १२० ने पूर्णांकात भागलंय तिथे महागडा माऊस ३० पाठवतो, ३० भागिले १२० बरोबर शून्य, चाक फिरतंय आणि काहीच होत नाही. झटक्यात फिरवलं की एखादा मोठा आकडा येतो आणि काम होतं. आणि जिथे भागलंच नाहीये, फक्त अधिक आहे का उणे एवढं बघून झूम सव्वापट केलंय, तिथे टचपॅड वाट लावतो. टचपॅड एका सरकवण्यात सहज वीस इव्हेंट म्हणजे संदेश पाठवतो, प्रत्येक इव्हेंटला सव्वापट म्हणजे २० वेळा सव्वापट, करून बघा कॅल्क्युलेटरवर, ८६ पटीच्या वर जातं. म्हणून एकच अक्षर स्क्रीनभर.

उपाय साधा आहे, आलेला डेल्टा साठवत जायचा, १२० भरले की एक पायरी, उरलेलं पुढच्यासाठी ठेवायचं, दिशा उलटली की साठा रिकामा करायचा. झूमला तर पायऱ्यांचीही गरज नाही, सव्वाचा घात डेल्टा भागिले १२०, अपूर्णांकासकट. मग ३० चे चार तुकडे आले काय आणि १२० चा एक आला काय, झूम तेवढंच होतं.

वजनाच्या खान्याची गोष्ट वेगळी. क्यूटीचा स्पिनबॉक्स (आकडा कमीजास्त करायचा खाना) आणि कॉम्बोबॉक्स (यादीतून निवडायचा खाना) दोघांची ही जुनी खोड आहे, स्क्रोल होणाऱ्या पॅनलमध्ये ठेवले की कर्सरखाली येऊन चाक खाऊन टाकतात. फोकस म्हणजे टाईप केलेलं ज्या खान्यात जातं तो खाना. डेव्हलपरला म्हणावं नुसती फोकस पॉलिसी स्ट्राँग फोकस करून भागत नाही, त्याने एवढंच होतं की चाकाने फोकस मिळत नाही, आकडा तरी बदलतोच. व्हील इव्हेंटमध्ये फोकस नसेल तर इव्हेंट इग्नोर करायचा, म्हणजे तो वरच्या पॅनलला जातो आणि पॅनल सरकतं.


कोडकोडे

एवढं कशाला, ऑटोमेट करा ना. विंडोजच्या सेंड इनपुटने चाकाचे इव्हेंट पाठवा, शंभर टेस्ट पाच मिनिटांत. हाताने चाक फिरवत बसणं म्हणजे पगार वाया.


रामबागची_मुलगी

@कोडकोडे तुमची स्क्रिप्ट प्रत्येक वेळी नेमके १२० पाठवणार, आणि १२० वर तर ह्यांचं सगळं चालतंच आहे, तेच तर डेव्हलपर सांगतोय. स्क्रिप्ट नंतर, आधी हात.

@जीरावण_जास्त मीही इंदूरचीच, नऊ वर्षं टेस्टिंग करतेय, चाकाने मला भरपूर रडवलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी तुमच्या डेव्हलपरकडून एक फालतू छोटी खिडकी बनवून घ्या. त्यात काहीच नको, चाक फिरलं की एक ओळ छापायची: वेळ, आडवा डेल्टा, उभा डेल्टा, कंट्रोल-शिफ्ट-आल्ट पैकी काय दाबलंय, कर्सर कुठे आहे. अर्ध्या तासाचं काम आहे. ही खिडकी नसेल तर तुम्ही अंधारात चाक फिरवताय, माऊस चुकला का सॉफ्टवेअर चुकलं कळायला मार्ग नाही, मग डेव्हलपर म्हणतो माझ्याकडे चालतं आणि विषय संपतो.

मग माऊस गोळा करा. एक साधा खटक्याचा, एक बारीक चाकाचा म्हणजे तो महागडा, एक लॅपटॉपचा टचपॅड. चौथा मी मुद्दाम ठेवते तो म्हणजे जेल रोडवरून आणलेला स्वस्तातला स्वस्त, कारण क्लायंटकडे तोच असतो. प्रत्येक चाकाच्या कडेला मी एक छोटी टिकली चिकटवते, हसू नका, आणि टिकली परत वर येईपर्यंत एकेक खटका मोजत पूर्ण फेरा मारते. १५ अंशाचा खटका असेल तर फेऱ्याला २४ ओळी छापल्या पाहिजेत, प्रत्येक १२० ची. माझ्या एका माऊसला १८ च खटके निघाले, हरकत नाही, पण खटके १८ तर ओळी पण १८ पाहिजेत. बारीक चाकाला ओळी भरपूर येतात, तिथे ओळी मोजायच्या नाहीत, आकड्यांची बेरीज करायची. हे झालं की माऊसचं पाणी कळलं, मग तुमचं सॉफ्टवेअर उघडायचं.

आता तुमची तिसरी ओळ. एकदम हळू, नखाने ढकलल्यासारखं फिरवा. चौथी, झटक्यात भिरकावा आणि हात काढून घ्या, मोकळं फिरणारं चाक असेल तर बघा पॅनल टोकाला जाऊन शांत थांबतं का, आणि लगेच उलटं फिरवलं तर लगेच उलटं सरकतं का, काही सॉफ्टवेअरं आधीच्या फिरण्याची उधारी फेडत बसतात. पाचवी, टोकाला पोचल्यावर अजून फिरवा. आतल्या यादीचं टोक आलं की बाहेरचं पॅनल सरकायला लागतं, काही ठिकाणी ते चालतं, लेबलाच्या फॉर्ममध्ये ते नको असेल, पण काय हवंय ते कोणी ठरवलेलंच नसतं, ते साहेबांना विचारून लिहूनच घ्या.

मग कळा. कंट्रोल आणि चाक म्हणजे झूम, शिफ्ट आणि चाक म्हणजे बऱ्याच ठिकाणी आडवं सरकणं, आणि आल्टचं लक्षात ठेवा, क्यूटी विंडोजवर आल्ट दाबलं की उभा डेल्टा आडव्यात टाकतं, डेव्हलपरला माहीत नसतं, त्याचं उभ्या डेल्टाचं कोड शून्य बघून गप्प बसतं किंवा शून्याला उणे समजून झूम कमी करत सुटतं. कळ आधी सोडा मग चाक थांबवा, आणि उलटपण करून बघा. झूम करताना कर्सरखालचं अक्षर कर्सरखालीच राहतं का ते बघा, मी लेबलाच्या कोपऱ्यातल्या एका टिंबावर कर्सर ठेवून दहा खटके आत, दहा बाहेर करते, टिंब जागेवर परत आलं पाहिजे आणि झूमची टक्केवारी पण. ९८ टक्के आली तर कुठेतरी राउंडिंग गळतंय.

काहीतरी ओढत असताना चाक फिरवा. लोगो डाव्या बटणाने धरलाय, सोडला नाहीये, आणि चाक फिरवलं. ह्यात जे जे बाहेर पडतं ते बघून डेव्हलपर दोन दिवस बोलत नाही तुमच्याशी. तसंच कॉम्बोबॉक्सची यादी उघडी ठेवून बाहेर चाक फिरवा, एखादा मेसेजबॉक्स वर असताना मागच्या खिडकीवर फिरवा. दोन मॉनिटर असतील तर दुसरा डावीकडे लावा, डावीकडे गेलं की कर्सरचा आकडा उणे होतो, आणि चाकाच्या संदेशात जागा पूर्ण स्क्रीनच्या हिशोबाने येते, बाकीच्या माऊस संदेशांसारखी खिडकीच्या हिशोबाने नाही. क्यूटी हे सांभाळून घेतं पण कोणी थेट विंडोजचे संदेश वाचले असतील तर झूम भलत्याच कोपऱ्यात होतं.

आणि सेटिंग. विंडोजमध्ये एका खटक्याला किती ओळी ते ठरवता येतं, मुळात ३ असतात. १ करा, १०० करा, एका वेळी एक स्क्रीन करा, तिन्हीवर पॅनल बघा. वजनाच्या खान्याला ह्या ओळींशी काही घेणं नाही, तो खटक्याला एकच बदलतो, म्हणूनच तुमचे तीन खटके आणि १९७. विंडोज १० पासून एक आणखी सेटिंग आहे, कर्सर ज्या खिडकीवर असेल ती फोकस नसतानाही सरकते, आधीपासून चालू असतं, ते बंद करून पण एकदा सगळं फिरा, कारण एखादा म्हातारा अकाउंटंट ते बंद करून बसलेला असतोच.


खटपट_काका

माझा संबंध माऊस उघडण्याशी, कोडशी नाही. ताईंनी टिकलीचं छान सांगितलं, त्यात एक भर. चाक एकाच दिशेला फिरवताय आणि ओळींत मधेच उलट चिन्ह दिसलं, म्हणजे उणे १२०, उणे १२०, अधिक १२०, उणे १२०, तर तो सॉफ्टवेअरचा बग म्हणून लिहू नका, माऊसच गेलाय. चाकाच्या बाजूला फिरणं मोजणारा एन्कोडर असतो, स्वस्त माऊसमध्ये आत पितळी पात्या घासत असतात, दोन सिग्नल थोडे पुढेमागे येतात आणि त्यातला कोणता आधी ह्यावरून दिशा ठरते. पात्या झिजल्या, धूळ गेली, तेल गेलं की सिग्नल थरथरतो आणि दिशा उलटी वाचली जाते. नमकीनच्या दुकानातला माऊस म्हणजे तर बेसन आणि तेल दोन्ही, मी उघडलेत तसले, चाकाखाली अक्षरशः शेव निघालीय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून काही महिने चालतो, नाहीतर फेका.


लष्करकर (ग्वाल्हेर)

ग्वाल्हेरचा नमस्कार. लिनक्सवर कधी द्यायचं असेल तर एक लक्षात ठेवा, जुन्या एक्स११ मध्ये, म्हणजे तिथल्या खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेत, चाक म्हणजे बटण असतं, वर ४ नंबर, खाली ५, डावीउजवीकडे ६ आणि ७. प्रत्येक खटक्याला बटण दाबलं आणि सोडलं असे दोन संदेश येतात, कोणी दोन्ही मोजले की एका खटक्याला दोन पायऱ्या. ताईंची ती खिडकी इथे बनवायला नको, एक्सईव्ही नावाची आयती आहे, वेलँड ह्या नव्या यंत्रणेवर लिबइनपुट डिबग-इव्हेंट्स. बारीक चाकाचे तुकडे कर्नल म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या ५.० आवृत्तीपासून वेगळे मिळतात, तिथेही एका खटक्याचे १२० च धरलेत. मॅकवाल्यांचं तर निराळंच, तिथे २०११ च्या लायन आवृत्तीपासून दिशाच उलटी, त्याला ते नैसर्गिक म्हणतात.


जीरावण_जास्त

मंडळी, दोन दिवस गायब होतो, करून बघत होतो. रामबागची_मुलगी ताई, टिकली आईची मागितली, तिने विचारलं कोणासाठी, माऊससाठी म्हटल्यावर जे बघितलंन माझ्याकडे.

खिडकी बनवून घेतली. माझा माऊस, २४ खटके, २४ ओळी, सगळ्या १२०. क्लायंटकडून महागडा माऊस एक दिवसासाठी मागून आणला, पहिल्याच हळू फिरवण्यात १५, १५, १५ अशी रांग, एक खटका भरायला आठ ओळी. डेव्हलपरला खुर्चीसकट ओढून आणलं, काही बोललो नाही, फक्त चाक हळू फिरवलं. तो म्हणाला अरे. बस एवढंच म्हणाला. संध्याकाळपर्यंत झूम नीट झालं होतं, टचपॅडवर पण.

काका, दुकानातला माऊस पण लावून बघितला, फेऱ्यात चारदा उलट चिन्ह. म्हणजे त्या पोराचा आकडा कधीकधी १९७ वरून १९८ पण झाला असता. नवीन माऊस घ्यायला सांगितला, मालक म्हणे ह्याचे पैसे पण तुम्हीच द्या.

आता अडकलोय ते वजनाच्या खान्यावर. डेव्हलपरने बाळ म्हणाले तसं केलं, फोकस नसेल तर इग्नोर. पॅनल छान सरकतं, मी पास लिहिलं. मग सहज त्या पोराची पद्धत करून बघितली. तो आधी वजनाच्या खान्यात क्लिक करून २०० टाईप करतो, आणि मग खाली जायला चाक फिरवतो. फोकस अजून वजनावरच! झालं परत १९७. डेव्हलपर म्हणतो फोकस असताना चाकाने आकडा बदलणं हे फीचर आहे, मी काढणार नाही.


बडोद्याचा_बाळ

हे मी सांगायला पाहिजे होतं, चुकलं. फोकसची अट अर्धाच रस्ता आहे. टाईप करून झाल्यावर कोणी फोकस काढत नाही. लेबलावरच्या वजनासारख्या आकड्याला चाक पूर्ण बंद करा, फोकस असो नसो, नेहमी इग्नोर. अक्षराच्या आकाराला ठेवा हवं तर, तिथे लोक चाकाने खेळतात आणि चुकलं तर समोर दिसतं. वजन चुकलं तर दिसत नाही.


रामबागची_मुलगी

फीचर म्हणतोय ना तो, मग एक करा. फोकस वजनात ठेवा, कर्सर पण तिथेच राहू द्या, आणि झूम करायचंय असं समजून कंट्रोल दाबून एक खटका वर फिरवा. काय येतं ते इथे सांगा.


जीरावण_जास्त

२१०.

एका खटक्यात २१०!! हे काय आहे?


बडोद्याचा_बाळ

स्पिनबॉक्सला कंट्रोल म्हणजे दहा पायऱ्या. खरंच फीचर आहे ते, क्यूटीचं.


जीरावण_जास्त

डेव्हलपरला दाखवलं. पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसला, मग विचारलं वजनाशिवाय आणखी कुठले खाने, मी म्हटलं किंमत, बॅच, एक्सपायरीचे महिने. चारही ठिकाणी चाक बंद केलं, अक्षराचा आकार आणि मार्जिन ठेवलं. उद्या सकाळी दुकानात टाकायला जातोय, त्या पोरालाच बसवणार, आणि मी परत स्टुलावर. एक्सेल ४१ ओळींवर आलंय, लोगो ओढताना चाक फिरवायची ओळ मुद्दाम शुक्रवारी संध्याकाळसाठी ठेवलीय.


कोडकोडे

बरं, आता स्क्रिप्ट लिहू का? १५ चे तुकडे पाठवणारी.


रामबागची_मुलगी

आता लिहा. आणि उणे १५ च्या मधे एक अधिक १२० पण टाका, काकांच्या नावाने.